नाम आणि रूप : दिल्लीच्या युद्धस्मारकांचं एक वाचन

आजचा विषय दिल्लीच्या एका षट्कोनात मावेल एवढा आहे. इंडिया गेट, त्याच्यामागची दगडी छत्री आणि तिच्याही पलीकडे २०१९ साली उभं राहिलेलं राष्ट्रीय युद्धस्मारक. तिन्ही गोष्टी एकाच रेषेत, पायी अवघ्या काही मिनिटांच्या अंतरावर. शाळेच्या सहलीत, सरकारी कामाच्या निमित्तानं आपल्यापैकी अनेकांनी त्या पाहिल्या असतील. पण 'पाहणं' आणि 'वाचणं' यांत फरक आहे. आज आपण त्या वाचू या.

आधी हत्यारं ठरवून घेऊ. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्यामुळे वास्तुविशारदाची मोजपट्टी आमच्याकडे नाही. आमच्याकडे दोन जुने शब्द आहेत, 'नाम' आणि 'रूप'. उपनिषदांनी जगाची फोड या जोडीनं केली. जे काही व्यक्त झालं ते नावानं आणि रूपानं झालं. आता गंमत बघा, युद्धस्मारकाकडेही नेमकी हीच दोन साधनं असतात. माणूस गेला, देह गेला, आता उरवायचं काय? एक तर त्याचं नाव कोरायचं, नाही तर त्याचं रूप घडवायचं. बाकी कमानी, स्तंभ, ज्योती, पाणी, झाडं हे सगळं या दोहोंभोवतीचं नेपथ्य. म्हणून कुठल्याही युद्धस्मारकाला आम्ही पहिला प्रश्न विचारतो : तू नाव सांगतोस की रूप दाखवतोस? आणि दुसरा : सांगताना, दाखवताना कुणाला वगळतोस?

इंडिया गेटपासून सुरुवात करू. मूळ नाव अखिल भारतीय युद्धस्मारक. १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांनी पायाभरणी केली, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी उद्घाटन केलं. वास्तुविशारद एडविन लुटियन्स. उंची ४२ मीटर. माथ्यावर 'इंडिया' एवढाच शब्द आणि दोन बाजूंना रोमन आकड्यांत १९१४ आणि १९१९ ही सालं. पहिल्या महायुद्धात आणि त्याला जोडून झालेल्या तिसऱ्या अफगाण युद्धात ब्रिटिश हिंदी सैन्याचे सत्तर हजारांहून अधिक लोक मेले, त्यांच्यासाठी ही कमान.

लुटियन्सची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्यानं कमानीवर कुठल्याच धर्माचं चिन्ह ठेवलं नाही. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, शीख होते, ख्रिस्ती होते. एकाचं चिन्ह लावलं की बाकीच्यांना बाहेर काढल्यासारखं झालं असतं. लंडनमधल्या 'सेनोटाफ'च्या वेळीही, १९१९-२० मध्ये, त्यानं हेच केलं होतं. सेनोटाफ म्हणजे रिकामी समाधी. तिथे मूर्ती नाही, क्रूस नाही. तिच्या उभ्या रेषा सरळ वाटतात, पण त्या किंचित आत झुकलेल्या आहेत. वर वाढवत नेल्या तर हजारेक फुटांवर एकमेकींना भेटतील. डोळ्याला हे कळत नाही, पण शरीराला जाणवतं. दगड जिवंत वाटतो तो असा.

दिल्लीत हे सूक्ष्म शहाणपण भव्यतेखाली दबलं. कमान हा मूळ रोमन विजयाचा आकार. तिच्याखालून जेता सैन्यासह जातो, मेलेला शिपाई जात नाही. म्हणजे शोक करायचा तोही विजयाच्या आकारात! कमानीच्या भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. पण त्यांतली बरीचशी इतक्या उंचीवर आहेत की खाली उभ्या माणसाला ती अक्षरं न राहता नक्षी होतात. जे नाव वाचता येत नाही, ज्यावर बोट फिरवता येत नाही, ते नाव कुणासाठी कोरलं? गाव सोडून बसऱ्याला गेलेल्या शिपायाची आई इथपर्यंत येईल, मान वर करून लेकाचं नाव शोधेल, हा विचार त्या योजनेत कुठे दिसत नाही. नावं आहेत, पण ती साम्राज्याच्या हिशेबवहीसारखी आहेत.

आता कमानीमागची छत्री. या छत्रीत राजा पंचम जॉर्ज यांचा संगमरवरी पुतळा होता. काम आलं होतं चार्ल्स सार्जंट जॅगर या शिल्पकाराकडे. १९३४ मध्ये जॅगर वारले, पुतळा त्यांच्या पश्चात उभा राहिला. आता हे जॅगर कोण? स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेले, जखमी झालेले, मिलिटरी क्रॉस मिळालेले गृहस्थ. लंडनला हाइड पार्क कॉर्नरला त्यांचं रॉयल आर्टिलरी स्मारक आहे, १९२५ चं. दगडात घडवलेली एक भली मोठी तोफ आणि चार बाजूंना ब्राँझच्या चार आकृती. त्यांपैकी एक मृत तोफची आहे. आडवा पडलेला, अंगावर त्याचाच ग्रेटकोट ओढलेला, वर हेल्मेट ठेवलेलं. चेहरा झाकलेला. अनेकांना तेव्हा ते आवडलं नाही, पण जॅगर हटले नाहीत. ज्यानं खंदक पाहिला आहे तोच असा मृत्यू घडवू शकतो.

विचार करा. हाच शिल्पकार दिल्लीच्या कामाला लागला, आणि त्याला घडवायला काय मिळालं? राजा. लंडनच्या शिपायाला रूप मिळालं, हिंदी शिपायाला मिळालं ते उंचावरचं नाव, आणि रूप मिळालं ते त्याच्या धन्याला. जॅगर यांचा यात दोष नाही. स्मारक कुणाच्या पैशानं आणि कुणाच्या आज्ञेनं उभं राहतं, त्यावर रूप कुणाला द्यायचं हे ठरतं. शिल्पकलेच्या इतिहासात हे वाक्य सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावं.

१९६८ मध्ये तो पुतळा तिथून हलवला. आणि मग काय झालं? छत्री रिकामी राहिली. चोपन्न वर्षं. कुणाला बसवायचं यावर चर्चा होत राहिल्या, छत्री मात्र रिकामी. आमच्या मते त्या चोपन्न वर्षांत ती छत्री लुटियन्सच्या दिल्लीतलं सर्वांत अर्थपूर्ण शिल्प होती. कुणी तशी ती घडवली नव्हती, इतिहासानं ती रिकामी करून दिली. राजा गेला होता आणि त्याच्या जागी दुसरा कुणी बसला नव्हता. प्रजासत्ताकाचं याहून नेमकं चित्र काय असणार? २०२२ च्या सप्टेंबरात तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा २८ फुटी ग्रॅनाइटचा पुतळा आला. नेताजींच्या थोरवीविषयी इथे कुणाच्याच मनात शंका नाही. आमचा मुद्दा जागेचा आहे. राजासाठी बांधलेल्या आसनाला स्वतःचं व्याकरण असतं. तिथे जो उभा राहील, त्याला ते आसन राजासारखंच उभं करतं.

आता १९७२ कडे येऊ. बांगलादेशच्या युद्धानंतर, २६ जानेवारी १९७२ ला, कमानीखाली अमर जवान ज्योती आली. एक चौथरा, त्यावर उलटी रोवलेली रायफल आणि रायफलीवर हेल्मेट. बस. रणांगणावर पडलेल्या सोबत्याची जागा ओळखू यावी म्हणून सैनिक असं करत आले आहेत. ही खूण कुठल्या कलाशाळेत जन्मली नाही, ती रणांगणावर जन्मली. हिच्यात नाव नाही आणि रूपही नाही, चेहऱ्याची जागा रिकामी आहे; आणि म्हणूनच प्रत्येक घराला तिथे आपला माणूस दिसू शकतो. ४२ मीटरच्या कमानीला पन्नास वर्षं अर्थ पुरवला तो या माणसाएवढ्या वस्तूनं. २१ जानेवारी २०२२ ला तिथली ज्योत नव्या स्मारकातल्या ज्योतीत विलीन केली गेली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती रायफल आणि हेल्मेट नव्या स्मारकातल्या परम योद्धा स्थळी हलवलं गेलं. यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. परकीय सत्तेच्या कमानीखाली आपली ज्योत कशाला, हा एक पक्ष. ज्या कमानीचा अर्थ आपण बदलून घेतला होता, तो पुन्हा तिला परत का करायचा, हा दुसरा. आम्ही दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. जुन्या वास्तूचा अर्थ बदलून घेणं हे नवी वास्तू बांधण्याइतकंच मोठं काम असतं.

आता नवं स्मारक. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं उद्घाटन झालं. सुमारे ४० एकर जागा. जागतिक स्पर्धेतून निवडलेला आराखडा चेन्नईच्या 'वीबी डिझाइन लॅब'चे योगेश चंद्रहासन यांचा. पहिली दाद द्यायची ती नम्रतेला. स्मारक जमिनीत खाली उतरतं. मधला स्तंभ साडेपंधरा मीटरचा, म्हणजे शेजारच्या कमानीच्या निम्म्याहूनही कमी. उंचीची स्पर्धा करायचीच नाही, हे ठरवायला आजच्या काळात धाडस लागतं.

आराखडा चार चक्रांचा आहे. सर्वांत बाहेर रक्षक चक्र, म्हणजे झाडांच्या रांगा; झाड म्हणजे पहाऱ्यावरचा सैनिक. त्याच्या आत त्याग चक्र, म्हणजे नावांच्या भिंती. त्याच्या आत वीरता चक्र, म्हणजे ब्राँझची सहा भित्तिशिल्पं. आणि मध्यभागी अमर चक्र, म्हणजे स्तंभ आणि ज्योत.

त्याग चक्रापाशी थांबा. १९४७ नंतर कामी आलेल्यांची नावं इथे ग्रॅनाइटच्या पट्ट्यांवर सोनेरी अक्षरांत आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती. एकेक पट्टी विटेसारखी, प्रत्येक माणसाची स्वतंत्र. नावं डोळ्यांच्या पातळीवर आहेत, हाताच्या अंतरावर आहेत. इंडिया गेटनं जे नाकारलं ते इथे दिलं गेलं : बोट फिरवण्याचा हक्क. आणि ही नावं कुठली आहेत बघा. काश्मीर १९४७-४८ ची आहेत, १९६१ च्या गोवा मुक्तीची आहेत, १९६२ ची आहेत, ६५, ७१, कारगिलची आहेत. आणि श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्या, सुमारे बाराशे माणसं गमावलेल्या त्या मोहिमेचीही आहेत, जिच्याबद्दल बोलायला आपल्याला फारसं आवडत नाही.

आता आतल्या चक्रात जा. सहा भित्तिशिल्पं. विषय : तिथवाल, रेझांग ला, लोंगेवाला, गंगासागर, ऑपरेशन मेघदूत आणि ऑपरेशन ट्रायडंट. प्रत्येक विषय अभिमानाचा आहे, याबद्दल वाद नाही. पण श्रीलंका कुठे आहे? इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. रूप निवड करतं, नाव निवड करत नाही. शिल्पकाराला सहा जागा दिल्या की त्याला सहा प्रसंग निवडावेच लागतात, आणि राष्ट्र नेहमी आवडते प्रसंग निवडतं. नावांची भिंत मात्र सगळ्यांना घेते. जिंकलेल्या लढाईत मेलेला आणि हरलेल्या लढाईत मेलेला, दोघांची पट्टी एकाच मापाची.

रूपाची दुसरी अडचण आहे. रेझांग ला घ्या. १८ नोव्हेंबर १९६२, १३ कुमाऊंची एक कंपनी, मेजर शैतान सिंग. शंभरहून अधिक जवान तिथे पडले आणि त्यांचे देह पुढे कित्येक महिन्यांनी बर्फात सापडले, अनेक जण आपापल्या मोर्च्यात, हत्यारं धरलेल्या अवस्थेत. या घटनेचा गाभा काय? लढाईची धामधूम की नंतरच्या त्या महिन्यांची शांतता? सियाचीनचंही तसंच. तिथे खरा शत्रू थंडी आहे, उंची आहे. थंडीचं शिल्प कसं घडवणार? ब्राँझच्या उठावशिल्पाला कृती लागते, झेप लागते. वाट पाहणं, गोठणं, कुणीतरी न परतणं हे त्याच्या शब्दकोशात सहज सापडत नाही. अमेरिकेत १९८२ साली माया लिन या तरुण मुलीनं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक केलं, तेव्हा हाच वाद पेटला होता. काळ्या चकचकीत ग्रॅनाइटच्या भिंती, सुमारे अठ्ठावन्न हजार नावं, हुद्द्यानुसार नव्हे तर मृत्यूच्या क्रमानं. वाचणाऱ्याला नावांमध्ये स्वतःचाच चेहरा दिसतो. लोक म्हणाले, यात शौर्य कुठे आहे? म्हणून १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा बसवला गेला. आज लोक हात लावतात, कागद ठेवून पेन्सिलीनं ठसे घेतात, ते भिंतीवरच्या नावांचे.

आमचा तिसरा आक्षेप क्रमाचा आहे. रसशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर झाडांपाशी शांत रसाची चाहूल आहे, नावांपाशी करुण आहे, भित्तिशिल्पांपाशी वीर आहे. म्हणजे आत जाणारा माणूस शोकातून उत्साहाकडे नेला जातो. नावं वाचून घशात काहीतरी दाटून येतं, आणि ते पुरतं जाणवायच्या आत त्याला शौर्याचं उत्तर दिलं जातं. शोकाला इतकं लवकर उत्तर द्यायचं नसतं.

याची तुलना आपल्या घरच्या युद्धस्मारकाशी करा. वीरगळ. महाराष्ट्रात असं गाव शोधावं लागेल जिथे देवळामागं, पारावर, शेताच्या बांधाला वीरगळ नाही. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क नाविक युद्ध आहे. वीरगळ वाचायचा खालून वर. सर्वांत खाली लढाई, बहुधा गुरं राखताना झालेली. त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. त्यावर शिवलिंगापुढे बसलेला वीर. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. म्हणजे वीर रसानं सुरुवात आणि शांत रसात शेवट. दीड-दोन हातांच्या दगडात गावच्या पाथरवटानं जो क्रम साधला, तो चाळीस एकरांत उलटा झाला आहे. हं, दिल्लीतही शेवटी ज्योत आहे, स्तब्धता आहे, हे नाकारता येणार नाही. पण ज्योतीपाशी आपण पोचतो ते वीरगाथेच्या दालनाला लागून.

मात्र वीरगळाची बाजू घेताना त्याची मर्यादा लपवायची नाही. बहुतेक वीरगळांवर नाव नाही. जोवर गावाला आठवण होती तोवर ठीक. ती गेली आणि वीर नुसता शेंदूर फासलेला दगड झाला. रूप उरलं, माणूस गेला. नावाची ताकद पाहायची तर भीमा कोरेगावला जा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं तो स्तंभ उभारला तो स्वतःच्या पराक्रमासाठी. पण त्यावर शिपायांची नावं कोरली, आणि त्यांत 'नाक' प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावं होती. स्तंभ बांधणाऱ्यांच्या मनात जे नव्हतं, ते त्या नावांनी शंभर वर्षांनंतर घडवलं. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि एका साम्राज्याचा स्तंभ नाकारल्या गेलेल्या माणसांच्या स्वाभिमानाचा स्तंभ झाला. राजाचा पुतळा हलवता येतो. कोरलेलं नाव आपल्या वारसाची वाट पाहत राहतं.

शेवटी आराखड्याच्या मूळ कल्पनेकडे येऊ. चार चक्रांची ही रचना चक्रव्यूहावरून सुचली, असं सांगितलं जातं. हेतू संरक्षणाचा आहे, एकात एक कडी. पण मराठी माणसाच्या कानावर 'चक्रव्यूह' शब्द पडला की कोण आठवतो? अभिमन्यू. आणि व्यूह कुणाचा होता? द्रोणांचा, म्हणजे समोरच्यांचा. आत जाण्याची वाट ठाऊक, बाहेर येण्याची नाही. पौराणिक प्रतीक निवडताना त्याची सगळी कथा सोबत येते, हवा तेवढा भाग कापून घेता येत नाही. परमवीर चक्राचं उदाहरण घ्या. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. जन्मानं युरोपातल्या, लग्नानं मराठी घरातल्या. त्यांनी इंद्राचं वज्र निवडलं. वज्र म्हणजे दधीची ऋषींनी दिलेल्या अस्थी. शस्त्रातच त्याग आहे. तिथे प्रतीक आणि अर्थ एकजीव आहेत.

मग चक्रव्यूह चुकला का? हेतूच्या दृष्टीनं चुकला असं आम्ही म्हणू. पण वास्तू कधीकधी आपल्या कर्त्यापेक्षा जास्त बोलते. द्रोणपर्वातला प्रसंग नीट आठवा. अभिमन्यू स्वतःहून आत धावला नव्हता. युधिष्ठिरानं त्याला सांगितलं, तू वाट फोड, आम्ही मागोमाग येतो. त्यानं वाट फोडली. वडीलधारे पोचू शकले नाहीत. जयद्रथानं त्यांना दारातच अडवलं. म्हणजे चक्रव्यूह ही फक्त एका तरुणाच्या शौर्याची कथा नाही, ती दिलेल्या शब्दाचीही कथा आहे. 'आम्ही मागोमाग येतो' हा शब्द आपणही प्रत्येक सैनिकाला देतो. राज्यकर्ते देतात, आणि त्यांना निवडून देणारे आपणही देतो. तो नीट विचार करून दिला होता का? आत पाठवण्याची खरंच गरज होती का? आणि मागं राहिलेल्या घरापर्यंत आपण पोचलो का?

त्या स्मारकात रोज संध्याकाळी एका हुतात्म्याच्या घरचे लोक येऊन पुष्पचक्र वाहतात. ब्राँझमध्ये ज्यांना जागा मिळाली नाही, ती माणसं तिथे सदेह उभी असतात. आमच्या मते त्या स्मारकातलं सर्वांत खरं शिल्प ते आहे, आणि ते रोज बदलतं. पुढच्या वेळी दिल्लीला गेलात तर संध्याकाळी जा. आधी भित्तिशिल्पं बघा, मग उलटे बाहेर या, नावांपाशी. तुम्हाला न ठाऊक असलेल्या माणसाचं एक नाव निवडा आणि ते पुरतं वाचा, मनातल्या मनात नको, ओठांनी वाचा. वीरगळाचा क्रम तुम्ही स्वतःच्या पायांनी पूर्ण केलेला असेल.

इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.